अकरा प्रश्नचिन्हं

रविवार, ता. १७

चि. धाकटीस,

दादाचे आशीर्वाद. तुझं पत्र परवा पोचलं. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प बसतो. तुझ्या घराची किल्ली आमच्याकडेच आहे, कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घालतोय. लेकीकडे मन रमत असेल तर आणखी थोडे दिवस राहा. इकडे बघण्यासारखं काही नाही.

एक आहे म्हणा. आपले नवे नगरसेवक. त्यांच्या कडक कपड्यांवरून तू त्यांचं नाव इस्त्री ठेवलंस, आता सगळी गल्ली तेच म्हणते. परवा इस्त्रीसाहेब पाण्याच्या टाकीची पाहणी करायला आले होते. शिडीच्या चार पायऱ्या चढले, फोटो काढून झाल्यावर उतरले आणि मला म्हणाले, "काका, यात पाणी वरून येतं की खालून?" पक्षात छत्तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे हसलो नाही. "वरून येतं, खालून जातं, साहेब," म्हणालो. त्यांनी ते सोबतच्या माणसाला लिहून घ्यायला लावलं. पाणी खात्यात बावीस वर्षं काढून ज्या टाकीचा एकेक व्हॉल्व्ह तू स्वतःच्या हाताने फिरवलास, ती आता या गृहस्थांच्या ताब्यात आहे. शेजारी आमचे अध्यक्ष उभे होते, मान डोलवत. त्या मानेला दुसरं काही येतच नाही.

याच अध्यक्षांना मी उमेदवारीच्या बैठकीत विचारलं होतं, की हा मुलगा कोण, याने केलंय काय. ते म्हणाले, "माणसाकडे काय बघता? चिन्हाकडे बघा. आपण दगड उभा केला तरी तो निवडून यायला पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दगड परवडला असता, निदान त्याने भाषण केलं नसतं. पण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा आमच्या पक्षाचा एकमेव कार्यक्रम आहे आणि तो मी छत्तीस वर्षं राबवला. अपक्ष उभी राहिलेली माझी सख्खी बहीण त्यात कार्टं ठरली, तेव्हाही मी टाळ्याच वाजवत होतो.

ताकाला जाऊन भांडं लपवणं पुरे करतो. तुझ्या पत्रात दोनच गोष्टी आहेत. तुझ्या प्रचारातल्या कंपाउंडरने दगा दिला, त्याचं तोंड बघणार नाही, ही एक. आणि खाली बारीक अक्षरात, "दादा, तू तरी मला मत दिलं असशील."

दुसऱ्या गोष्टीचं आधी सांगतो, ती सोपी आहे. दिलं नाही.

माझी यादी तुला माहीत आहे. मतदानाच्या आधी मी दारोदार फिरून प्रत्येक नावापुढे खूण करतो: आपला असेल तर बरोबर, त्यांचा असेल तर फुली, नक्की नसेल तर प्रश्नचिन्ह. माझा अंदाज पाच मतांच्या वर कधी चुकला नाही. पक्षात मला कुणी कधी तिकीट दिलं नाही, खुर्ची दिली नाही, पण काकांची यादी म्हटली की अध्यक्षसुद्धा चष्मा लावतात. आमच्या घरातल्या चारही नावांपुढे मी बरोबरची खूण केली होती. तुझ्या वहिनीने ती बघितली आणि म्हणाली, "माझी पुसा. मी वन्संना देणार आहे. पोरंही देणार आहेत." मी तीन खुणा पुसल्या. चौथी माझी होती. मतदानाच्या खोलीत, त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे, मला कुणी बघत नव्हतं. तुझं नाव वाचलं. तू काय आहेस आणि तो काय आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी बोट इस्त्रीवर गेलं, कारण यादीत माझ्या नावापुढे खूण होती आणि माझी यादी चुकत नाही. असल्या कारणासाठी माणूस बहिणीला पाडतो. दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर त्याला मी दारातही उभं केलं नसतं.

आता पहिली गोष्ट.

तू लिहितेस, तुला शब्द दिलेल्या त्या अकरा घरांची नावं फक्त तुला आणि कंपाउंडरला ठाऊक होती. तिघांना ठाऊक होती. मतदानाच्या आधीच्या बुधवारी तू आमच्या ओट्याला टेकून चहा पीत होतीस. मी विचारलं, "कसं काय वाटतंय?" तू हसलीस आणि बोटांवर मोजून घरं सांगितलीस. शिंपीणबाई, बेकरीवाला, शाळेचा शिपाई, तिथपासून शेवटच्या घरापर्यंत. वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, यांच्यासमोर कशाला?" तर तू म्हणालीस, "दादा पक्षाचा आहे, पण घर घराच्या जागी." मी मान डोलवली. अध्यक्षांची मान मला कुठून माहीत, हे आता कळलं असेल.

ती अकराही घरं माझ्या यादीत आमची होती. तू गेल्यावर मी खुणा बदलून त्यांच्यापुढे प्रश्नचिन्हं केली आणि यादी कार्यालयात दिली. नुसती यादी दुरुस्त केली, असं मी स्वतःला सांगितलं. आमच्याकडे प्रश्नचिन्हाच्या घरी माणसं जातात हे मला माहीत नव्हतं असं लिहिलं तर तूच हसशील. ती पद्धत मीच पाडली आहे. शिंपीणबाईंना त्यांची टपरी रस्त्यात येते याची आठवण करून दिली गेली. शिपायाला बदलीची. बाकीच्यांना ज्याची त्याची. अकरा घरांत एकतीस मतं होती आणि तू एकोणीसने पडलीस.

कंपाउंडर तुझ्यासोबत दोन महिने उन्हात फिरला, दवाखान्यात बोलणी खाल्ली. निकालाच्या दिवशी तू त्याला चारचौघांत "विकला गेलास" म्हणालीस, तेव्हा मी चार पावलांवर गुलाल झटकत उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. तो मान खाली घालून गेला. आता गल्लीत लोक त्याच्याशी बोलताना एकमेकांकडे बघतात. काल दवाखान्यात गेलो तर त्याने मला गोळ्या दिल्या आणि विचारलं, "ताई बऱ्या आहेत ना?" "बरी आहे," म्हणालो आणि गोळ्या खिशात घालून निघून आलो. म्हणून हे लिहितोय.

हे पत्र त्याला दे. मी तोंडी सांगितलं तर तो मला माफ करेल, आणि ते मला नको आहे. वाचून त्याने ते दवाखान्याच्या दारावर चिकटवलं तरी चालेल. खाली सही आहे, अक्षर माझंच आहे, सगळा वॉर्ड ते ओळखतो.

तुझ्या घराची किल्ली वहिनीकडे दिली आहे. आलीस की तिच्याकडून घे. मी समोर येणार नाही.

पक्षाचा निष्ठावंत कार्यकर्ता,
आणि त्यानंतर तुझा भाऊ.
हा क्रम मीच लावला आहे.