शर्यतीकडे पाठ

आई, तू दादांना ती शपथ घालायला नको होतीस. तू असताना हे तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती, आता म्हणतो. बाप असले तरी चूक त्यांची होतीच. जत्रेतल्या कुत्र्यांच्या शर्यतीत तुझी दुभती शेळी पैजेवर लावून ते हरले आणि नुसती दोरी हातात घेऊन घरी आले. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "कुत्र्याच्या शेपटीला संसार बांधलाय ह्या माणसानं. उद्यापासून चहाला कुत्र्याचंच दूध काढा." दादा हसले, तिथंच बिघडलं. पुढच्या मंगळवारी तू त्यांना वणीहून चालत गडावर नेलंस आणि देवीच्या कुंकवावर हात ठेवायला लावलास. पैज लावणार नाही, शर्यत बघणार नाही.

त्यांनी ती शपथ शेवटपर्यंत पाळली. कशी पाळली, ते तुला माहीत नाही. मी आयटीआयला होतो, जत्रेला त्यांच्यासोबत गेलो होतो. दादा मैदानाच्या कडेला मातीत बसलेत, शर्यतीकडे पाठ करून. येणारे-जाणारे चिडवतात, "काय दादा, कुत्रं मागून चावंल की." दादा शांतपणे म्हणतात, "बघणार नाय म्हणालो व्हतो. ऐकणार नाय, असं नव्हतो म्हणालो." मग शिट्टी होते, दोरीनं ओढलेला चिंध्यांचा ससा सुटतो, गर्दी ओरडायला लागते, आणि ते माझा दंड गच्च धरून विचारतात, "कोण पुढं हाय? सांग की लवकर, कोण पुढं हाय?" त्यांच्यासमोर नुसतं नांगरलेलं रान. तसा चेहरा मला पुन्हा कुणाचा बघायचा नाही, आरशात तर नाहीच.

आता मी इंदिरानगरात राहतो, पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो, आणि विंचूरकडे मोठी फायनल असली की दुकान बंद ठेवून जातो. आताची कुत्री ग्रेहाउंडच्या वाणाची, लांब पायांची. मालक त्यांना एसी लावलेल्या गाडीतून आणतात, हातानं अंडी भरवतात. मी पैज लावतो, खिशाला झेपेल तेवढीच, पण लावतो. त्यात काय मिळतं, असं तू विचारशील. रोज सकाळी मी देवीपुढे बसतो. माळ बोटांत फिरते आणि मन बाजारात. पण ज्या कुत्र्यावर मी काही लावलंय ते सुटलं, की मन जागचं हलत नाही. नुसतं उभं राहून बघितलं तर असं होत नाही, तेही करून पाहिलंय. आपलं काहीतरी त्या पायांवर ठेवावं लागतं. ते चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात तेव्हा माझा श्वासही तिथंच थांबलेला असतो. तू ह्याला जुगार म्हण. मी देवीपासून काही लपवलेलं नाही.

नवरात्राच्या आधी तुझी सून म्हणाली, "आईंनी दादांना सोडवलं. मलाही एवढं करू द्या. शुक्रवारी गडावर चला, कुंकवावर हात ठेवा."

मी नाही म्हणालो.

"अहो, घरापेक्षा कुत्री मोठी झाली का?"

"नाही. पण देवीपुढे खोटी शपथ घेणार नाही, आणि खरी घेऊन दादांसारखा पाठ करून बसणार नाही."

शुक्रवारी ती एकटीच बसनं गडावर गेली. संध्याकाळी आली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "शपथ घेऊन आले. माझी मी. ह्यापुढे तुम्हाला कधी अडवणार नाही." एवढं बोलून कुकर लावायला गेली.

तुला वाटेल, पोरगा आता नमला. नाही नमलो. येत्या रविवारी फायनल आहे, मी जाणार आहे आणि पैजही लावणार आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही. टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं, तू सुनेचीच बाजू घेतली असतीस. एक मात्र खरं. ती दारात आडवी उभी राहिली असती, तर मी भांडून, चपला घालून केव्हाच बाहेर पडलो असतो. आता दार उघडं आहे, आणि निघताना तिला काय म्हणायचं, ते काही केल्या सुचत नाही.