पांढऱ्या वाळूचा गुलाबी रंग

अ‍ॅलामोगोर्डो, न्यू मेक्सिको
२७ मार्च

आदरणीय ओलीटाताईंना,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण या गाडीत साडेपाच फुटांपेक्षा जास्त मोकळी जमीन नाही आणि मी सहा फुटी आहे. तेव्हा गुडघ्यापर्यंतचा गोड मानून घ्या. तुमची सांधेदुखी कशी आहे? मांजर परत आली का? कॅन्ससात अजून बर्फ असेल. इथे ऊन आहे, धूळ आहे, आणि आम्ही दोघं आहोत.

तुमच्या पंच्याहत्तरीला आम्ही आलो नाही. सगळं घराणं जमलं आणि धाकटी सख्खी बहीण वाळवंटात मजा मारत फिरतेय, हे तुम्हाला लागलं असणार. व्हर्नाने मला तोंड उघडायला बंदी केली आहे, तरी लिहितो. फेब्रुवारीत कर्नीच्या डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग चालला आहे, आणि झपाट्याने चालला आहे. उन्हाळ्यापर्यंत फक्त कडेकडेचं उरेल म्हणाले. येताना गाडीत ती एकच वाक्य बोलली. "ओलीटाला कळता कामा नये, ती लगेच आईसारखी वागायला लागेल." (तुम्ही वागताच, ताई. मला तर लग्नाच्या दिवशी टाय तुम्हीच बांधला होता, श्वास कोंडेपर्यंत.)

आता तुम्हाला माहीतच आहे की सव्वीस वर्षं ती त्या दुकानात रंगाच्या काउंटरवर उभी होती. गिऱ्हाइकाने यावं, 'वाळवंटी' रंग मागावा, आणि हिने डब्यात थेंब मोजून तो कालवून द्यावा. खरं वाळवंट मात्र जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणून मी तिला न विचारता होडी विकली आणि ही जुनी मोटरहोम आणली. आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं आहे. फक्त एका माणसाने आंघोळ केली की दुसऱ्याला बाहेर उभं राहावं लागतं. तिसऱ्याच दिवशी पेट्रोल भरायला एका बुटक्या छपराखाली शिरलो आणि आमच्या टपावरचं वातानुकूलन यंत्र तिथेच सोडून पुढे आलो. ताई, पस्तीस वर्षं मी गावाची छपरं घातली, कुणाचं कौल हललं नाही, आणि स्वतःच्या डोक्यावरचं असं फाडलं. (पुढे एका तळावर संडासाची टाकी रिकामी करताना नळी कशी सुटली, ते मी कागदावर लिहिणार नाही. शेजारच्या जोडप्याने न सांगता तळ बदलला, एवढ्यावरून ओळखा.) व्हर्ना हसून हसून पायरीवर बसली होती. तेवढं हसणं मी अजून जपून ठेवलं आहे.

कारण त्यानंतर आम्ही रंगीत वाळवंटाशी पोचलो. कड्याच्या कठड्याशी ती उभी राहिली, खूप वेळ. मग मान वाकडी करून, कोंबडी दाणा बघते तशी, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून बघू लागली. मी विचारलं तर म्हणाली, मधे राखाडी डाग आहे, बोटाने पुसावासा वाटतो. डॉक्टरांचा उन्हाळा मार्चमध्येच आला होता. मग तिने मला विचारलं, तुला काय दिसतंय ते सांग. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिने मला रंगाबद्दल काही विचारलं. मी रंगांधळा आहे, माझे मोजेसुद्धा तीच जोडून ठेवते. मी म्हणालो, तपकिरी. ती म्हणाली, कुठला तपकिरी? मी म्हणालो, गाईसारखा. ती हसायला लागली आणि मग ते हसणं थांबेना, आणि मग ते हसणं राहिलंच नाही.

शेजारी आयलीन बिनाली नावाची नवाहो जमातीची बाई खडे आणि बांगड्या मांडून बसली होती. आपलं दुकान तसंच सोडून ती उठली, व्हर्नाच्या बाजूला येऊन बसली आणि तासभर तिला एकेक थर सांगत राहिली. हा खालचा पट्टा मटणाच्या रश्शावर तवंग येतो तसा, त्यावरचा माझ्या आजीच्या हिरड्यांसारखा, त्यावरचा विझलेल्या चुलीचा. व्हर्ना मान डोलावत होती. मी मागे उभा राहून मत्सराने जळत होतो. मला लाज वाटते, पण खरं आहे.

म्हणून मी अभ्यास केला. व्हर्नाची जुनी रंगांची कार्डं तिच्या पिशवीत होती, त्यामागची नावं मी ती झोपल्यावर पाठ केली. आणि इथल्या पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांवर आलो तेव्हा मोठ्या थाटात सुरू केलं. समोरची टेकडी फिकट गुलाबी, तिच्यामागे जर्दाळूचा गर, कडेला जांभळट छटा. माझा सूर चढतच गेला. तिने वाकून मूठभर वाळू घेतली, डोळ्याच्या कोपऱ्याशी नेली, आणि शांतपणे म्हणाली, "डेलमर, ही पांढरी आहे. गावापासून इथपर्यंत प्रत्येक पाटीवर पांढरी लिहिलेलं असणार." मी म्हणालो, संध्याकाळचा उजेड पडला की असं दिसतं. ती म्हणाली, "दुपारचे दोन वाजलेत."

दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, माझ्या हातचं करपलेलं अंडं खाताना, म्हणाली, "यापुढे मला जे कळणार ते तुझ्या तोंडूनच कळणार. त्यातलं खोटं कुठलं हे शोधत बसायला मला आता जमणार नाही रे." मी वचन दिलं. आता मी तिला रंग सांगत नाही. डोंगर दिसला की उतार सांगतो, आपल्या चर्चच्या छपराएवढा किंवा त्याहून सपाट, आणि सावली कुठवर आली ते सांगतो. ती म्हणते, बास, कळलं. खरंच कळतं का, ते मी विचारत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी पोचू. तुमचा राग रास्त आहे. तो माझ्यावर काढा, मी रुंद आहे.

तुमच्या बहिणीचा नवरा, अजून तरी,
डेलमर

ता. क. तुमचं वाढदिवसानंतरचं कार्ड आम्हाला रंगीत वाळवंटाजवळच्या होलब्रुकच्या पोस्टात मिळालं. "मौज चालू द्या. तुझ्या खुर्चीपुढे केक वाढला होता, शेवटी कुत्र्याला घातला. मला बहीण नाही असं समजते." ते मी तिला वाचून दाखवलं, पण जसंच्या तसं नाही. मी वाचलं की, "व्हर्ना, तुझ्यावाचून केक गोड लागला नाही. सगळं बघून ये आणि मला सांग." ते कार्ड ती उशीखाली ठेवते. हे सगळं वचन देण्याआधीचं आहे. आता यापुढे तुम्ही जे लिहाल ते मला शब्दन् शब्द वाचावं लागेल. म्हणून ताई, एवढ्यासाठीच हे सगळं पत्र. पुढचं जरा सांभाळून लिहा.

ता. क. २. आत्ताच तिने विचारलं, इतका वेळ कुणाला लिहितोयस? माझ्या तोंडून निघून गेलं, पाण्याच्या पंपवाल्याला. म्हणजे वचन मोडलंच. ती म्हणाली, "पंपवाल्याला विचार, माझ्या डोळ्यांचं वाचताना ती रडली का."

तर ताई, कळवा.