पाटावरचा सल्लागार

१८ मे
एक जूनला माझा वाढदिवस. विनीतशेठना पंचायत समितीचं तिकीट मिळणार की नाही, हेही त्याच दिवशी महाडच्या बैठकीत ठरणार. मी याला योगायोग म्हणत नाही. शेठचा राजकीय सल्लागार मीच, हे अख्ख्या पोलादपुराला ठाऊक आहे. फक्त शेठ अजून चारचौघांत तसं बोललेले नाहीत. यंदा बोलायला लावायचंच. एक जून 'सल्लागार दिन' म्हणून साजरा झाला पाहिजे. पण मागणी जनतेतून यायला हवी, म्हणून कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं. फक्त शेठच्या ड्रायव्हरला, रितेशला, सांगितलं. कुणाला बोलू नको म्हणून शपथ घातली.

१९ मे
जनतेतून मागणी आली.
नाक्यावर चहावाल्याने विचारलं, सुट्टी सरकारी की आपली आपली? मी चकित झाल्याचं दाखवलं. सारिकाच्या मते चकित होणारा माणूस आधी मिशीवरून कंगवा फिरवत नाही. बायकोला राजकारण कळत नाही.
आईचं तिसरंच. म्हणे, तू शिमग्यातला हायस, एक जून तर शाळेच्या मास्तरनी लिवलाय, निम्म्या वाडीचा वाढदिवस त्याच दिवशी हाय. त्या सगळ्यांना यंदा दोन तारखेला साजरा करण्याचा सल्ला देऊन आलो. कुणीच काही बोललं नाही. म्हणजे मान्य.

२३ मे
लेक निशिगंधा कॉलेजच्या सुट्टीत घरी आहे. तिने व्हॉट्सॲप ग्रुप काढला. संध्याकाळपर्यंत गाव आत. नियम एकच: त्या दिवशी सल्लागाराने सल्ला द्यायचा नाही आणि कुणी मागायचा नाही.
जरा खटकलं. तिने समजावलं. खंडेनवमीला आपण कोयता-कुऱ्हाड पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडतो ना? त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाही. पप्पा, तुमचंही तसंच.
डोळे भरून आले. लेक माझ्यावर गेली आहे.

२६ मे
एक काळजी. ऐन बैठकीच्या दिवशी शेठ माझ्याशिवाय महाडला जाणार. आजवर गाडीत पुढची सीट माझी. माझ्याशिवाय त्यांनी एक पाऊल टाकलेलं नाही. वीस मार्चला महाडात मेळावा ठेवा, गर्दी होईल, असं मीच सांगितलं होतं. सत्याग्रह दिनाला चवदार तळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या मांडवात शेठ, मी आणि मांडववाला. पण गर्दीचा अंदाज माझा बरोबर होता. पावसात महाबळेश्वरच्या लग्नाला आंबेनळी घाटातून जाऊ, हेही माझंच. दरड आली. लग्नाला निघालो ते सत्यनारायणाला पोचलो. पूजेला माणसं कमी असतात, भेटीगाठी नीट होतात.
शेठना म्हटलं, सुट्टी मोडतो, बैठकीला येतो. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. म्हणाले, नको, प्रथा मोडायची नाही. त्यांचा आवाज कापत होता. रितेश म्हणतो ते हसू दाबत होते. पोरगा नवीन आहे.

२९ मे
मौनाचा सराव. सारिका आमटीत आधी गूळ घालत होती. बोललो नाही. परसात जाऊन पपईच्या झाडाला सांगितलं. झाडाने नीट ऐकून घेतलं.

१ जून, दुपारी
पाटावर बसलोय. कपाळभर हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात नारळ. सोबत असावी म्हणून आईने खरा कोयताही शेजारी मांडलाय. गाव दर्शन घेऊन जातंय.
सकाळी शेठची गाडी निघाली. पुढची सीट रिकामी. बघवेना. नाते गावच्या रुसलेल्या कार्यकर्त्यांशी कसं बोलायचं ते सांगायला तोंड उघडलं, तर निशिगंधाने पेढा घातला. मग तोंड उघडलं की पेढा. दुपारी जेवण गेलं नाही.

१ जून, संध्याकाळी
शेठना तिकीट मिळालं! नाते गावची रुसलेली मंडळीही हसत परत आली. शेठ म्हणे फक्त गप्प बसून त्यांचं ऐकत होते. ही युक्ती मी त्यांना आधीच सांगणार होतो.
देवळापुढे केक. आणि माईकवर शेठ म्हणाले, राजेश माझा सल्लागार आहे! म्हणाले! चारचौघांत! आईने पदर डोळ्याला लावला. मीही लावला असता.
पुढे म्हणाले की इतका सुरळीत दिवस राजकारणात कधी पाहिला नाही, म्हणून ही सुट्टी मतमोजणी होईपर्यंत वाढवतो. टाळ्यांचा कडकडाट. एक जूनवाले म्हातारेही काठ्या टाकून टाळ्या वाजवत होते. मीसुद्धा वाजवल्या.
घरी आल्यावर शेठचं दुसरं वाक्य परत आठवून पाहिलं.

२ जून
शेठ भावनेच्या भरात बोलून गेले असणार. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून नाक्यावर उभा राहिलो. गाडी आली, हळू झाली. पुढच्या सीटवर फणस होता. बेल्ट लावलेला. नाते गावच्या मंडळींनी दिलाय आणि शेठनी तो हलवायचा नाही म्हणून सांगितलंय, असं रितेश काच खाली करून म्हणाला. मागे बसा म्हणाला असता तर बसलो असतो.
आईला विचारलं, खंडेनवमीला मांडलेला कोयता दसऱ्याला उचलतात ना? म्हणाली, उचलतात की, धार हाय तो उचलतात. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.
दुपारी शेठनी अर्धा फणस घरी पाठवला. सारिका कापायला बसली. हाताला तेल लाव म्हणून सांगणार होतो, तेवढ्यात निशिगंधा पेढ्याचा डबा घेऊन आली. गप्प बसलो. सारिकाने तेल आधीच लावलं होतं.