पंप उत्तम स्थितीत आहे

११ मार्च
आजपासून रोज लिहायचं. लुचिना गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन मंडळाचा मी एकोणीस वर्षं अध्यक्ष आहे. पुढच्या पिढीला काहीतरी कागद लागेल.
बातमी मोठी आहे. राजधानीतल्या एका फाउंडेशनने बेटांवरच्या मंडळांसाठी अनुदान जाहीर केलंय: नवा पंप आणि चारशे मीटर पाइप. मुदत ३० एप्रिल, दुपारी बारा. एका बेटावर एकाच मंडळाला. म्हणजे आम्हालाच. दुसरं मंडळ ब्रिस्ना गावाचं, आणि तिथला अध्यक्ष आंब्रोज. त्याला सही करतानासुद्धा जीभ बाहेर काढावी लागते.
संकल्प: अर्ज १ एप्रिलला तयार.

१४ मार्च
पंपाची चाचणी. लोव्रे हजर होता. लोव्रे आमचा मेकॅनिक, ड्रायव्हर, आणि खरं सांगायचं तर बाकीचं मंडळही तोच. पंप टाकीतून पाणी ओढेना. चौथ्या खेपेला ओढलं, पण सांध्यातून अर्धं पाणी लोव्रेच्या बुटात. त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली. पोरं मला बार्बा म्हणतात, म्हणजे काका. म्हणाला, बार्बा यर्को, याला आता आगीची नाही, आरामाची गरज आहे. मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तर सालचा आहे, माझ्या लग्नाच्या वर्षीचा, आणि माझं लग्न टिकलंय की नाही?
हे घरी येऊन पेरिनाला सांगायला नको होतं. ती म्हणाली, त्यालाही मीच पट्ट्या बांधत आलेय.

२ एप्रिल
अर्जाला सुरुवात नाही. कारणं: ईस्टर, पाहुणे, सार्डिन मासळीचा हंगाम. घाईची कामं आंब्रोज करतो.

१९ एप्रिल
पोस्टातली झोर्का मदत करते म्हणाली. वाचनालयाचं छप्पर तिनेच असा अर्ज करून आणलं. हुशार आहे, पण अनुभव कमी. तिला मसुदा करू दे. शेवटचा हात मी फिरवीन.

२६ एप्रिल
मसुदा वाचला. जेवण गेलं नाही.
रकाना सात, ‘संस्थेच्या गरजा व कमतरता’. पोरीने लिहिलंय: पंप गळका. पाइपला एकोणतीस भोकं. टँकरचा ब्रेक फक्त चढावर लागतो. प्रशिक्षित माणसं दोन, पैकी एकाची कंबर धरलेली.
ती कंबर माझी.
सगळं खरं आहे, हीच तर अडचण आहे. आपलीच मांडी आपण उघडी टाकायची? तीही राजधानीतल्या लोकांसमोर? झोर्काला म्हटलं, जरा कडक झालंय. ती म्हणाली, बार्बा, पोट भरलेल्याला कोण वाढतं? कोवळं वय आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला अजून कळायचंय.

३० एप्रिल, सकाळी ११.१०
पोस्टातल्या कॉम्प्युटरवर बसलोय. झोर्का टपाल वाटायला गेली आहे. फक्त ‘पाठवा’ दाबायचं आहे.
११.३५. दाबवत नाही. एकोणतीस भोकं!
११.५४. पाठवलं. रकाना सात मी नव्याने लिहिला: ‘कमतरता: नाही. पंप उत्तम स्थितीत आहे. नवा पंप मंडळाच्या प्रतिष्ठेला शोभून दिसेल.’ सोबत फोटो: धुतलेला टँकर, अग्निशामकांचा संत फ्लोरियान याचा झेंडा, मिरवणुकीच्या गणवेशात मी. मागे पंप, त्यावर पेरिनाचं भरतकामाचं टेबलक्लॉथ. खाली बारीक अक्षरात होतं की अर्जाची एक प्रत आपोआप जिल्ह्याच्या अग्निशमन केंद्राकडे जाते. बरंच झालं. त्यांनाही कळू दे.
झोर्का परत आल्यावर विचारलंन, गेला का? म्हटलं, गेला, तुझाच, दोन शब्द इकडचे तिकडे.

९ मे
फेरीबोटीच्या धक्क्यावर आंब्रोज भेटला. अर्जाला जोडलेला फोटो फोनवर दाखवला. त्याचे दहा जण एक पाइप धरून उभे, आणि प्रत्येकाचं बोट एकेका भोकातून बाहेर! मधोमध हा, दोन बोटं घालून. लाज कशी वाटत नाही? भिकेचे डोहाळे म्हणतात ते हेच. घरी येईपर्यंत हसत होतो.

२१ मे
लूत्सेकडे गेलो. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, गावातलं शेवटचं घर तिचं, परसात उभं राहिलं की पाइनच्या फांद्या हाताला लागतात. पलीकडच्या स्प्लिट शहरातून लेक न्यायला आली होती. उन्हाळाभर माझ्याकडे राहा, इथे ठिणगी पडली तर कोण धावणार, असं तिचं चाललेलं.
लूत्सेने मला समोर बसवलं. म्हणाली, यर्को, गोड बोलू नकोस. पंप येणार का? नसेल येणार तर मी आत्ता जाते, कोंबड्या वाटून टाकते.
म्हटलं, आलाच समज.
लेकीला तिने दुपारच्या फेरीने परत पाठवलं. मला सहा अंडी दिली. पेरिनाने ऑम्लेट केलं. चांगलं होतं, पण जरा घशाशी आलं.

२७ जून
पाकीट आलं. झोर्का म्हणाली, इथेच उघडा ना. म्हटलं, सरकारी कागद असा उभ्याने उघडत नाहीत.
घरी उघडलं. ‘आपली संस्था सर्वार्थाने सुसज्ज आहे हे वाचून आनंद झाला. निधी गरजू मंडळांसाठी असल्याने या वेळी आपला विचार करता येत नाही. आपण इतरांना मार्गदर्शन करावं, अशी विनंती.’
तीनदा वाचलं. नकार म्हणावा तर नकार नाही. गौरवच आहे एक प्रकारे. मार्गदर्शन करा असं आंब्रोजला कोणी म्हटलंय?
पत्र पदकांच्या डब्यात ठेवलं, सगळ्यात खाली. झोर्काला सांगितलं, निर्णय विचाराधीन.
संकल्प: लूत्सेला रविवारी सांगायचं. लेकीकडे जा म्हणायचं. एक वाक्य आहे. पाठ केलंय.

३० जून, रविवार
चर्चमध्ये लूत्सेच्या मागच्याच बाकावर बसलो. प्रार्थना चालू असताना बोलणं बरं दिसत नाही. नंतर तिने स्वतःच विचारलं, रंग कुठला आहे रे पंपाचा? लाल, म्हटलं. तोंडातून गेलं.

७ जुलै
सांगणार होतो. तिची एक कोंबडी मेली होती. दुःखात दुःख नको.

१३ जुलै
फेरीतून पंप उतरला. लाल. ब्रिस्नाचा. बँड लावून नेला त्यांनी, आंब्रोज ट्रॅक्टरवर उभा राहून हात हलवत होता, जणू पोपच.
झोर्काने माझ्याकडे नुसतं पाहिलं. म्हटलं, आपला दुसऱ्या खेपेत आहे. ती म्हणाली, बार्बा, रकाना सात मी लिहिला तसाच होता ना? मला एकदम कंबरेची कळ आली. घरी आलो.
लूत्सेला कोणीतरी सांगितलं की लाल पंप बेटावर आला. तिने मला घरी अंजीर पाठवले.

३ ऑगस्ट
पन्नास दिवस पाऊस नाही. टाकी निम्मी. चाचणीत पंपाने सातव्या खेपेला पाणी ओढलं. लोव्रे पट्टीवर पट्टी बांधत राहिला. पाइनखाली पाय ठेवला की काड्या कटकट मोडतात. झोप लागत नाही. पेरिना म्हणते, गरम होतंय म्हणून. हो, गरम होतंय.

१० ऑगस्ट
उत्तरेचा वारा सुटलाय. लूत्सेच्या दारात पाण्याच्या चार बादल्या भरून ठेवलेल्या दिसल्या. मला बघून म्हणाली, पंप येईपर्यंत असू देत.
संकल्प: उद्या सांगायचं. काहीही झालं तरी उद्या.

११ ऑगस्ट, दुपारी १.१०
पाइनमागे धूर. जातोय.

११ ऑगस्ट, संध्याकाळी ७
आत्ताच परतलो.
पंप सुरू झाला. पाणी ओढेना. पाचदा, सहादा. नवव्यांदा ओढलं आणि पट्ट्या फुटल्या. लोव्रेने सांधा दोन्ही हातांनी दाबून धरला. इंजिन तापलेलं, तळवे भाजले, पण पोराने सोडला नाही. पाइपच्या टोकाला पाणी आलं ते बागेतल्या झारीएवढं.
मी लूत्सेकडे धावलो. ती परसात बादल्या ओतत होती. झग्याची कड जळकी, चेहरा काळा. मला बघून तिचा चेहरा उजळला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाली, आणलास? पंप कुठाय?
म्हटलं, येतोय. तिला हाताला धरून ओढायला लागलो, ती येईना. म्हणे, येतोय तर मग पळायचं कशाला?
खुराडं पेटलं. अकरा कोंबड्या. तो आवाज.
आणि मग खरोखर पंप आला. लाल. आंब्रोजच्या माणसांनी दहा मिनिटांत घराभोवती सगळं भिजवून टाकलं. घर वाचलं. खुराडं, अंजिराचं झाड, कुंपण गेलं.
आंब्रोज माझ्यावर हसला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, यर्को, आम्ही धूर बघून लगेच निघत होतो रे. जिल्ह्यावरून फोन आला, तुम्ही तुमचं गाव सांभाळा, लुचिनाचा पंप त्यांच्या यादीत उत्तम म्हणून लिहिलाय. पाऊण तास थांबलो आम्ही तुझ्या पंपावर विसंबून.
लूत्से ऐकत होती.

१२ ऑगस्ट
लोव्रेच्या सत्कारासाठी एक पदक काढून दे म्हणून मीच पेरिनाला सांगितलं. डब्याच्या तळाशी काय आहे ते विसरलो. जेवायला बसलो तर ताटात पालेभाजी-बटाटे, शेजारी पत्र. मी ते पत्र उलटं करून ठेवलं, तर तिने परत सुलटं केलं.

१५ ऑगस्ट
सभा बोलावली. पत्र मीच वाचलं. मग रकाना सातही वाचला. खोकला मध्ये मध्ये येत होता. राजीनामा दिला. कोणी घेईना. अध्यक्षाकडे टाकीची किल्ली असते आणि ती हरवली की बोलणी खावी लागतात, ते कोणाला नकोय. लोव्रे दोन्ही हातांना पट्ट्या बांधून बसला होता. म्हणाला, बार्बा, आता पट्टीवाले आपण तिघं झालो. तिसरा कोण ते मला नंतर कळलं. पंप.
लूत्से आली नव्हती.

९ सप्टेंबर
लूत्सेचं खुराडं बांधतोय, रोज सकाळी. ती खिडकीतून बघते. आज एवढंच म्हणाली, दार वाकडं आहे. उतरवून परत बसवलं.

२ ऑक्टोबर
फाउंडेशनची दुसरी फेरी जाहीर झाली, या वेळी उरलेल्या मंडळांसाठी. पोस्टात जमलो: झोर्का, लोव्रे, आणि काठी टेकत लूत्सेही आली. स्प्लिटला का गेली नाहीस, असं विचारायची माझी हिंमत नाही. झोर्का म्हणाली, रकाना सात तुम्ही स्वतः लिहा, बार्बा. पन्नास शब्दांत.
मी लिहिलं, मोठ्याने वाचत. पंप गळका. पाइपला आता एकतीस भोकं. टँकरचा ब्रेक. माणसं दोन, एकाची कंबर, एकाचे तळवे. जिल्ह्याला दिलेली माहिती खोटी होती, ती आम्ही दुरुस्त केली आहे. झोर्काने शब्द मोजले. दोन शब्दांची जागा उरली होती. विचारलंन, अजून काही कमतरता?
लोव्रे छताकडे बघायला लागला.
लूत्से म्हणाली, अध्यक्ष लिही.
लिहिलं. तरी एका शब्दाची जागा उरली.