ह्यांच्या नावाचा हॉल

५ फेब्रु., गुरुवार
बाजाराचा दिवस. बाजारतळावर हॉलचा पाया खणायला जेसीबी उभा अन् समोर कोर्टाचा माणूस, मनाई हुकूम घेऊन. बांगड्यावाली शहनाज मुखेडच्या कोर्टात गेली होती. काम बंद.
सुधा तणतणत घरी आला. सरपंच झाल्यापासून पोराचा आवाज चढलाय. "आई, मला लोकांनी निवडून दिलंय. कोर्टाचं इथं काय काम?"
हॉल ह्यांच्या नावाचा होणार, म्हणून मी गप्प. बाजारच्या बायका बसणार कुठं, हे त्यानं कुणालाच विचारलं न्हाई. ग्रामसभेलाबी न्हाई.

६ फेब्रु.
हे सरपंच होते तेव्हाबी असाच हुकूम आला होता. शाळेची भिंत दुसऱ्याच्या जागेत चालली होती. हे म्हणाले, "बरं झालं बाई, कुणीतरी अडवलं. मी भिंत दामटतच सुटलो होतो." हुकूम आणणाऱ्या माणसाला चहा पाजला, वर दशम्या बांधून द्यायला लावल्या. किती चिडले होते मी! आज एकटीच हसून राहिले.

९ फेब्रु.
कोर्टानं विचारलं, ग्रा.सभेची मंजुरी कुठंय? म्हणून आता १७ ला सभा. सुधा खुशीत. "बाबांच्या नावाला कोण न्हाई म्हणतंय? तू फक्त पुढं बस."
म्हणजे मला गौरीवानी मांडून ठेवणार. वा रे पठ्ठ्या.

११ फेब्रु.
झोप न्हाई. दिवसभर हेच डोळ्यासमोर. ग्रामसभेत घरचा विषय निघाला की हे खुर्ची सोडायचे, महादेवाच्या पायरीवर जाऊन बसायचे. निकाल लागला की कुणीतरी हाक मारायचं.
माझ्या भावानं गिरणीला जागा मागितली तेव्हाबी तसंच. वाट अडत होती, मी 'नको' म्हणून हात वर केला. भाऊ लई दिवस बोलला न्हाई. हे जेवताना म्हणाले, "तुझा हात दिसला बरं का पायरीवरून." अन् आणखी एक भाकरी मागून घेतली.
लई आठवण येते.

१३ फेब्रु.
शहनाज वाटेत भेटली. "भाभी, भाऊजींच्या नावावर माझा राग न्हाई. पर मी बसू कुठं?"
माझ्या लग्नाचा चुडा तिच्या अम्मीनं भरला होता, त्याच तळावर. हिरवा. हे लांब उभं राहून बघत होते, मला कळत न्हाई असं समजून.

१७ फेब्रु., मंगळवार
सभा झाली. हॉलचा विषय निघाला, सुधा खुर्चीतच. सगळे माझ्या तोंडाकडं बघून राहिले. मी उठले.
"आधी खुर्ची सोड. बापाचं नाव हाय, घरचा विषय हाय."
तोंड लाल झालं पोराचं. मग उठला, महादेवाच्या पायरीवर जाऊन बसला. पाठीनं अगदी ह्यांच्यासारखा.
उपसरपंचानं विचारलं, हॉल नको म्हणणारे कोण? पहिला हात माझा. मग शहनाजचा, मग बायकांचे, मग मोजायचं काम उरलं न्हाई.
हाक मारायला मीच गेले. पायरी रिकामी.
सूनबाईला त्याचा फोन आला होता म्हणे: "वकिलाकडं चाललोय. उशीर होईल."
जाऊ दे. विचारू दे त्यालाबी कोर्टाला, त्याचाबी हक्क हाय.
ताट झाकून ठेवलंय. एक भाकरी जास्तीची ठेवलीय.