जाळ्याची जागा कोण सांगतं!

४ फेब्रुवारी २०२५
ग्रँटवाल्या बाईंचा मेल. दुसऱ्या वर्षाची ग्रँट हवी तर ३१ मार्चपर्यंत पंचवीस होड्या ॲपवर हव्यात. आमच्याकडे तीन आहेत. त्यातली एक गेल्या महिन्यात विकली गेली.

ॲप सोपं आहे. निघताना कुठे जाळं टाकणार ती जागा मोबाईलवर दाबायची, आल्यावर ‘आलो’ दाबायचं. तीन तास उशीर झाला की जागा शोधणाऱ्यांना दिसते. बंदरातल्या लूर्डसचा नवरा इंजिन बंद पडून दोन दिवस भरकटला, तेव्हा आमच्या ट्रस्टने हे काढलं. पण आमच्या पाचूबंदरात मासळीची जागा कोण सांगतं! बायकोला सांगत नाहीत, मोबाईलला सांगतील?

६ फेब्रुवारी
शेल्डन – आमचा प्रोग्रामर, एव्हरशाईन सिटीत राहतो, बोटीत बसला की ओकतो – म्हणाला, “ताई, टेन्शन नको. जागा कुलूपबंद असते. आणि कोड ओपन सोर्स आहे, कुणीही वाचून बघावा.” बंदरावर जाऊन तसंच सांगितलं. थॉमस अंकल म्हणाले, “बरं. तू वाच, आमी ऐकतो.” सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

९ फेब्रुवारी, रविवार
देव पावला! थॉमस अंकलची जुलियाना पुण्याहून आलीय, तिथे कंपनीत कोड लिहायचंच काम करते. काल दिवसभर बसून सगळा कोड वाचला म्हणे. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, सगळ्यांसमोर: “पपा, खरं हाय. कोनाला नाय दिसत.” थॉमस अंकलनी उभ्याउभ्या ॲपवर होडीचं नाव घातलं. ते म्हणतील तसं बंदर चालतं. संध्याकाळपर्यंत एकोणतीस होड्या.

तिने कोड वाचला. कुलपाची किल्ली म्हणजे सर्व्हरचा पासवर्ड, तो माझ्या वहीत आहे. शेल्डनने टेस्टिंगसाठी दिलेला, नंतर बदलायला विसरला. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी
माझ्या भावाकडे, व्हिक्टरदादाकडे जेवायला गेले. भाजी होती. कोळ्याच्या घरी, शुक्रवारी, पडवळ! महिनाभर त्याच्या जाळ्यात काही नाही. रोझलीनवहिनी आत गेल्यावर हळूच, “बाय, थॉमस कुठं टाकतो गं?”
“दादा, कुलूप आहे त्याला.”
“किल्ली कोनाकडं?”
मी पडवळ वाढून घेतलं.

१८ फेब्रुवारी
एकदाच बघितलं. लगेच बंद केलं. फार लाज वाटली. मग पुन्हा उघडलं, कारण जागेचे आकडे लक्षात राहिले नव्हते.

२१ फेब्रुवारी
दादाची होडी पापलेटने भरून आली. वहिनीने दोन पाठवली. चव लागली नाही असं लिहायला हवं. पण लागली.

२७ फेब्रुवारी
ग्रँटवाल्या बाई खूश. बंगळूरच्या परिषदेत आमचं ॲप दाखवणार – ‘समाजाचा विश्वास कसा मिळवावा’. भाषण मी करायचं. बरं, म्हटलं.

५ मार्च
राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून कन्फेशनच्या रांगेत उभी राहिले. पुढे थॉमस अंकल. मागे वळून म्हणाले, “डायना, तुजं मशीन लय चांगलं.” रांग सोडून घरी आले. दिवसभर काही गिळवलं नाही, तसाही उपवासच होता.

११ मार्च, दुपारी दीड
दादा सकाळी आठला यायचा होता. अकराला ॲप वाजलं, पहिल्यांदाच खऱ्या कामासाठी. कुलूप उघडलं, दादाची जागा दिसली. थॉमस अंकल आणि आणखी तीन होड्या निघाल्या. आत्ता वायरलेसवर निरोप आला – तिथे कुणीच नाही.

नसणारच. किल्ली आहे हे बंदरात फक्त मला आणि दादाला माहीत. तो खरी जागा कशाला दाबेल? कुठे गेलाय ते मला पक्कं ठाऊक आहे. वारा वाढलाय. रोझलीनवहिनी माझ्यासमोर बसून रोझरी म्हणतेय. आणि वायरलेसवर बोललेलं सगळं बंदर ऐकतं.

११ मार्च, साडेचार
बोलले. “थॉमस अंकल, तुमच्या जागेवर जा. दादा तिथे आहे.” खरखरीतून, “जातो.”

आत्ता दोन होड्या दिसल्या, पुढची मागचीला दोराने ओढतेय. सगळं बंदर किनाऱ्यावर जमलंय. होड्यांकडे कुणी बघत नाही. माझ्या दाराकडे बघतायत.