सगळीच पिंपं लाल

सांगली, २७ ऑक्टोबर १९६६

ती. आक्काताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

परवाच्या पत्रात एक चुकीचं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. आमच्या साबण कारखान्यात हरणाबाईचे हात भाजले ते बायकांना काम शिकवणाऱ्या मालनमुळे, तिनं कातडी जाळणाऱ्या कॉस्टिक सोड्याचं पिंप कुठलं ते सांगितलंच नव्हतं, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. काल दवाखान्यात हरणाबाई स्वतःच म्हणाली, मालनबाईंनी हाताला धरून दाखवलं हुतं, लाल गोल दिसला की शिवायचं न्हाई.

झालं असं, की खंडेनवमीला कामगारांनी यंत्रांबरोबर पिंपंही पुजली आणि सगळ्यांना तेलातला शेंदूर लावला. मी तेव्हा तुमच्याकडे बुद्धवंदनेला आले होते, मालन तिच्या गावी. सोमवारी पाहावं तर सगळीच पिंपं लाल. धुण्याचा सोडा समजून हरणाबाईनं कॉस्टिकमध्ये हात घातला.

मी मालनवर का जळते ते तुला ठाऊक आहे. मी पिंपांवर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. तिनं कॉस्टिकच्या पिंपावर एक लाल गोल काढला, तर मॅनेजर लालासाहेबांनी सर्वांपुढे तिची पाठ थोपटली. बी.एस्सी. झालेली, वर केस केवढे लांब! आता म्हणे तिला काढणार आणि बायकांना शिकवायचं तिचं काम मला देणार. आक्का, मला आनंद झाला. खरं कळलं तरी तो जात नाही.

भाऊजींना जयभीम. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
जाई

सातारा, ३० ऑक्टोबर १९६६

चि. जाईस,
आक्काचा आशीर्वाद.

मी सांगतीया, हे लिहितायत आन् हसतायत.

तुझ्या पोटात दुखतंय, मला नवं न्हाई. तुला शाळंत घातली तवा माझ्याबी लय दुखलं हुतं. शेणी थापताना वाटायचं, हिची पाटी फोडावी. फोडली न्हाई.

त्या पोरीचं केस लांब हायती, ह्यो काय गुन्हा हाय व्हय? लालासाहेबाला खरं सांगाय भ्या वाटत आसंल तर आदी हरणाबाईचा हात बगून ये, मग जा.

तब्येतीला जप. आमची आठवण ठेव.

तुझी,
आक्का

सांगली, १ नोव्हेंबर १९६६

ती. आक्काताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पाटीचं वाचून आधी रडले, मग हसले. हरणाबाईला पाहून आले. बोटं अजून मिटत नाहीत. तशीच लालासाहेबांकडे गेले. त्यांनी विचारलं, तुला काम नको का? मी हवं म्हणाले आणि खरं न सांगताच परत फिरले. दारात मालन भेटली. तिनं मलाच विचारलं, माझं चुकलं का गं? मी तिच्या बाजूनं निघून आले.

आक्का, कुठलाही रंग लावला तरी सणाला त्यावर शेंदूर चढणारच. कॉस्टिकला वेगळी खोली आणि कुलूप हवं. हे मला सुचलं, तिला नाही, याचाही मला आनंद झाला. मी अशीच आहे.

मालनचा निकाल शनिवारी. त्याआधी फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला येणार आहेत. त्यांच्यासमोर, लालासाहेबांदेखत, मी सांगणार की मालननं बजावलं होतं आणि लाल रंग पूजेचा होता. खोलीचंही सांगणार. मग काम तिचंच राहील. ती माझे आभार मानेल, ते मात्र मला सोसणार नाही.

तुझ्या या धाकटीवर लोभ असू दे. इन्स्पेक्टर येतात गुरुवारी, तीन नोव्हेंबरला. मी त्याच दिवशी बोलणार.

तुझी,
जाई